चमचा पडला की पिवळा

लग्नात लोकांना नाचवणं हे काम ज्याला सोपं वाटतं, त्याने एकदा माझ्या जागी उभं राहावं. टेबलाच्या मागे, भिंतीला पाठ चिकटवून, एका बाजूला खडखडणारा पंखा आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याकडचा कोणीतरी आत्येभाऊ. हा आत्येभाऊ दर गाण्याला येतो आणि "काका, जरा हटके लावा ना" म्हणतो. हटके म्हणजे काय ते त्यालाही माहीत नसतं. मी आठवडाभर जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून असतो आणि सुट्टीच्या दिवशी हे करतो. माझ्या कार्डावर 'ध्वनिसंयोजक' असं ठसठशीत छापलेलं आहे, पण ते वाचून आजवर एकाही माणसाने मला ध्वनिसंयोजक म्हटलेलं नाही. शेजारी, सासुरवाडी, कचेरीतला शिपाई, सगळ्यांचा मी डीजेकाका. आमच्या साहेबांनी तर भर बैठकीत "ती फाईल डीजेकाकांकडे द्या" म्हटलं होतं. असो. मानापमानाचं दुकान मांडून बसलं तर आयुष्य पुरायचं नाही.

मिश्र गर्दी फार अवघड. आजोबांना त्यांच्या तरुणपणचं काहीतरी हवं असतं, पोरांना छातीत धडधड हवी असते, चिल्ल्यापिल्ल्यांना उड्या मारता आल्या की झालं, आणि मधल्या वयाच्या बायका "आम्ही नाही बाई" म्हणत पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. सगळी मेख त्या पर्समध्ये आहे. पर्स मांडीवर असेपर्यंत बाई उठत नाही. पर्स मांडीवरून शेजारच्या खुर्चीवर गेली, की चालू गाणं मेलं तरी बदलायचं नाही. बाया उठल्या की त्यांचे नवरे उठतात, नवरे उठले की पोरं लाजून दोन मिनिटं बाजूला होतात आणि मग राहवत नाही म्हणून परत येतात.

ही विद्या माझी नाही, दादाची. दादा माझा थोरला भाऊ. घरातल्या कुठल्याही लग्नात आधी तो नाचायला उतरायचा आणि मग एकेकाला हाताला धरून खुर्चीवरून उठवायचा. मी कोपऱ्यात कॅसेटी बदलायचो. तो नाचता नाचता माझ्याकडे बघून भुवई उडवायचा, म्हणजे चालू दे. मान हलवायचा, म्हणजे बदल. मी जो काही डीजे झालो तो त्या भुवईकडे बघत झालो. त्याची मुलगी लहान असताना त्याच्या पावलांवर आपली पावलं ठेवून, त्याच्या पट्ट्याला धरून नाचायची. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला खारू म्हणतात.

दादाने सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात काढली. फिरत्या पट्ट्यावरून हजारो काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या आणि हा त्यांच्या शेजारी उभा. आधी उजवा कान गेला, मग डावाही गेल्यात जमा झाला. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्याच्यातून म्हणे पुन्हा बाटल्याच ऐकू येतात. म्हणून ते सदऱ्याच्या खिशात असतं. चारचौघांत बसला की दादा लोकांच्या तोंडाकडे बघत राहतो. सगळे हसले की अर्ध्या क्षणाने तोही हसतो. आणि "काय झालं?" असं विचारलं की आम्ही सगळे, मी धरून, एकच उत्तर देतो. काही नाही. आता परत कोण सांगत बसणार, असं आपल्याला वाटतं. एकदा तोच मला म्हणाला, "मला ओठांवरून आता वाचता येतं रे. पण एवढंच येतं, काही नाही." आणि हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर खारूचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, पण नोकरी समुद्रापलीकडे. म्हणजे पोर जाणार ती जाणारच. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाकी काही नको. बाबा एकदा माझ्याबरोबर नाचले पाहिजेत. तू बघ काय ते."

"अगं, त्याला ऐकू..."

"ते मला माहितीये. म्हणून तर तुझ्याकडे आले ना."

मी "हो" म्हणालो. ध्वनिसंयोजक अशी पाटी लावल्यावर नाही कसं म्हणणार?

बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही आणि सल्ल्यांची रीघ लागली. आपल्याकडे माणसाला ताप आला तर लोक थर्मामीटर देणार नाहीत, सल्ला देतील. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, दादांना समोर आरसा ठेवा, त्यात लोक दिसतील तसं करतील. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "त्यांना नाचवायचंच कशाला? गप बसू द्या की सुखाने." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मला उभ्या उभ्या ध्वनिलहरींवर एक तास दिला आणि "मी येतो मदतीला" असं जाहीर केलं. मास्तरांना नाही म्हणायची सोय नसते. त्यांनी मला शाळेत शिकवलेलं नाही, तरी त्यांच्यासमोर माझे हात आपोआप मागे जातात.

सल्ले राहू देत म्हणून मी बेसच्या स्पीकरचा मोठा डबा उचलून दादाच्या घरी नेला. बेस म्हणजे खालचा आवाज, खर्ज, तो छातीत वाजतो. गाणं लावलं तर वहिनींच्या फडताळातल्या काचेच्या वाट्या नाचायला लागल्या, खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला, आणि दादा ढिम्म. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने तळवा त्या लाकडी डब्यावर ठेवला. "आहे रे," तो म्हणाला. "आत आहे." त्याची बोटं डब्यावर ताल धरायला लागली. वहिनी "वाट्या फुटतील, बंद करा" म्हणत आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

आता सगळं सोपं होतं. लग्नासाठी ठरवलेल्या हॉलची जमीन लाकडी होती. डबा जमिनीवर ठेवायचा, आवाज चढवायचा, फळ्यांमधून ताल दादाच्या तळपायात जाणार. मी स्वतःवर इतका खूष झालो की कार्डं नव्याने छापायचा विचार केला.

हॉल बघायला गेलो तेव्हा भिंतीवर एक पेटी दिसली. तिच्यावर तीन दिवे होते, हिरवा, पिवळा, लाल.

"हे काय?"

"आवाज मोजायची पेटी," हॉलचे मॅनेजर म्हणाले. हा माणूस कायम दाढ दुखत असल्यासारखा बोलतो. "शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. आता हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, आणि लाल झाला की सगळ्या प्लगांची आणि पंख्यांची वीज बंद."

"म्हणजे माझं मशीन मोठ्याने वाजलं तर."

"मशीन असो, माणूस असो. पेटीला काय कळतं? गेल्या लग्नात नवरीची आत्या रडली, तेव्हासुद्धा गेली."

म्हणजे लोकांना नाचवायचं, पण नाचून आनंद झाला की वीज जाणार. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण आनंदाला झाकण लावून तो शिजवायचा प्रसंग कधी आला नव्हता.

पेटीची मर्यादा एका दिवसापुरती वाढवता येते का, हे विचारायला मी संबंधित कचेरीत गेलो. शांतता राखणारा विभाग होता आणि तिथे एवढा कलकलाट होता की मला माझंच नाव दोनदा ओरडून सांगावं लागलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत." हे वाक्य मी रोज लोकांना ऐकवतो. खिडकीच्या बाहेरून ते किती लांब असतं ते त्या दिवशी कळलं. साहेब आले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कारण काय लिहिलंय तुम्ही? वधूपित्यास ऐकू येत नाही."

"हो साहेब."

"अहो, मग आवाज वाढवून काय उपयोग?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी त्यांना खर्ज, फळ्या, तळपाय सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तळपायांसाठी आमच्याकडे तरतूद नाही." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा माझे कान तापले होते. कचेरीत माझ्यासमोरून असे किती लोक उतरून गेले असतील, हा विचार मनात आला आणि मी तो ताबडतोब काढून टाकला. एका वेळी एकच दुःख पुरे.

लग्नाच्या दिवशी दुपारी समारंभ होता. सकाळी मी तारा जोडत होतो, कामगार टेबलं हलवत होते. त्यांच्या हातून एक लाकडी कपाट धाडकन आडवं झालं. जमीन हादरली, माझ्या चहाचा कप बशीत थरथरला, आणि पेटी आपली हिरवीच. थोड्या वेळाने वाढप्याच्या हातून एक चमचा स्टीलच्या ताटात पडला, टिंग. पेटी पिवळी. मी म्हटलं, वा, हिचा कानही आमच्या साहेबांसारखाच दिसतोय, जवळच्या कपाटाची दाद नाही आणि चमच्यावर कारवाई. तेव्हा एवढंच म्हटलं आणि कामाला लागलो.

मास्तरांना मी पेटीखाली उभं केलं. पिवळा दिसला की मला रुमाल दाखवायचा, मी आवाज कमी करणार. साधं काम. पण मास्तरांनी एक स्टूल पैदा केलं आणि त्यावर चढले.

सुरुवात झकास झाली. आजोबांसाठी जुनं एक लावलं, त्यात हळूच पोरांचा ठेका मिसळला, पर्सा मांडीवरून खुर्च्यांवर जायला लागल्या. तेवढ्यात नवऱ्याच्या मामांनी आनंदाने शिट्टी मारली. लाल! पंखा बंद, मशीन बंद, सगळे एक पाय वर करून उभे. वीज परत आणायला मॅनेजर दाढ धरून आले. नवऱ्याकडचे म्हणाले, "स्वस्तातला डीजे आणला वाटतं." घरचा डीजे होता, पण हे त्यांना सांगण्यापेक्षा मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्यांदा मी माईकवर गेलो. "मंडळी, विनंती आहे, आनंद थोडा हळू व्यक्त करावा." यावर जो हशा झाला त्याने परत लाल.

मग मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. पिवळा लागला रे लागला की ते रुमाल विसरून स्टुलावरून दोन्ही हात वर करायचे, गर्दीवर नजर फिरवायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. त्या नजरेत काय होतं देव जाणे. निम्म्या गर्दीने आपलंही बोट ओठांवर ठेवलं. नवऱ्याचे मामा, त्यांची बायको, कोणी बँकेतले अधिकारी, सगळे ओठांवर बोट ठेवून बिनआवाजी नाचतायत. माझ्या कारकिर्दीत असलं दृश्य मी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

आणि दादा भिंतीजवळ खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होता. एवढ्याशा आवाजात फळ्यांमधून त्याच्यापर्यंत काय जाणार? तो अधूनमधून हसत होता. अर्ध्या क्षणाने.

खारू त्याच्याकडे गेली. तिने हात पुढे केला. दादा उठला, तिच्याबरोबर मध्यभागी आला आणि नाचायला लागला. कुठल्यातरी जुन्या, त्याला आठवणाऱ्या तालावर. तो ताल मला ओळखू आला, पण मशीनवर भलताच वाजत होता. मी धडपडून गाणं बदलायला गेलो, तोवर त्याने एक गिरकी घेतली, गाणं नेमकं तिथेच संपलं, आणि दादा त्या शांततेत एकटाच हात वर करून नाचत राहिला. कोणीतरी फिसकन हसलं. मग दोघं, मग चौघं. वाईट मनाने नव्हे, पण हसले. दादाने ते ऐकलं नाही, पण तोंडं पाहिली. त्याचे हात हळूहळू खाली आले. वहिनींजवळ येऊन त्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

दादाने मान हलवली आणि तो बाहेरच्या व्हरांड्याकडे चालू लागला. खारू मध्यभागी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी खेळणं मोडलं की ते माझ्याकडे घेऊन यायची, तशी पाहत होती. मला इतकी लाज वाटली की त्या टेबलाखाली शिरून बसावं.

कप तिथेच होता. सकाळचा तो चहाचा कप, टेबलाच्या कडेला. तो पाहिला आणि मला कपाट आठवलं. कपाट पडलं तरी हिरवा, चमचा पडला की पिवळा. अरे गाढवा, मी स्वतःला म्हटलं, पेटीला खर्ज ऐकूच येत नाही! तिला फक्त चमचे ऐकू येतात.

मी टेबलामागून बाहेर आलो, बेसचा डबा पालथा केला आणि त्याचं तोंड थेट फळ्यांवर टेकवलं. दादाच्या आवडीचं ते जुनं गाणं लावलं. मग एकेक कळ खाली ओढली. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकला. बासरी काढली, हार्मोनियम काढली, टाळ्या काढल्या. जे जे कानाला गोड लागतं ते सगळं काढलं. राहिला तो नुसता ठोका, आणि तो मी शेवटपर्यंत चढवला.

भिंतीवर हिरवा.

"काका, गाणं कुठे गेलं?" या लग्नातला आत्येभाऊ धावत आला.

"आहे," मी म्हणालो.

"अहो, नुसतं भिंत पाडल्यासारखं येतंय. मशीन गेलं तुमचं!"

लोक थांबले. एकमेकांकडे पाहून बाजूला झाले. पर्सा पुन्हा मांड्यांवर गेल्या. माझ्या हातून आजवर कधी मोकळी न पडलेली नाचायची जागा डोळ्यांदेखत रिकामी झाली, आणि मध्ये फक्त खारू उरली. नवऱ्याचे मामा मान हलवत होते. मी कळांवरचा हात काढला नाही.

दादा दारात पोचला होता. तिथे तो थबकला. त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग एक चप्पल काढली आणि तळवा फळीवर टेकवला. दुसरी काढली. वळला. खारूने तोवर आपल्याही चपला भिरकावल्या होत्या.

तो चालत नाही आला, तालात आला. एक पाऊल चुकलं नाही. तीच गिरकी, तेच हात, आणि मध्येच माझ्याकडे बघून भुवई उडवली. चालू दे. किती वर्षांनी उडाली ती भुवई! मला पुढचं काही नीट दिसेना. खारूने ते एवढे जड कपडे सावरत आपली पावलं बापाच्या पावलांवर ठेवली. आता ती त्याच्या खांद्याला लागते, पट्ट्याला धरायची गरज नव्हती. तो तिला घेऊन सावकाश गोल फिरत राहिला. हॉलभर माणसं उभी होती आणि कोणीही हसत नव्हतं. त्यांना कळत नव्हतं की ही दोघं कशावर नाचतायत. वहिनींना कळलं. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्या मध्ये गेल्या.

बाकी कोणी आलं नाही. धंद्याच्या हिशेबाने ते माझं सगळ्यात पडेल गाणं.

मग खारू गेली. गाडीपर्यंत दादा गेला, काचेला हात लावून उभा राहिला. ती आतून काहीतरी बोलत होती. दादा तिच्या ओठांकडे बघत मान हलवत होता, आणि त्याला काय समजलं, काय नाही, ते त्यालाच ठाऊक. गाडी वळली तरी तो तिथेच उभा.

मी आत येऊन तारा गुंडाळायला घेतल्या. खिडक्यांतून कलतं ऊन आलं होतं, वाढपी खुर्च्या रचत होते, मास्तर दमून स्टुलावर बसले होते. दादा अनवाणीच आत आला आणि माझ्या शेजारी पालथ्या डब्यावर बसला. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलतो.

"आज मशीन फार छान लागलं होतं रे."

मी मान हलवली.

"पण एक कळलं नाही. एवढं छान लागलं होतं, तर बाकीचे का नाही नाचले?"

माझ्या तोंडावर तेच आलं. काही नाही. सवयीने ओठ तसे वळलेसुद्धा, आणि तो ते वाचायला लागला होता. मी थांबलो. तारा खाली ठेवल्या, त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि एकेक शब्द सुटा सुटा करून म्हटलं, "दादा. त्यांना. ऐकू. येत. नव्हतं."

त्याने परत सांग अशी खूण केली. मी परत सांगितलं.

दादा असा हसला, गडगडून, मान मागे टाकून, की भिंतीवरचा दिवा हिरव्यावरून थेट लाल झाला आणि हॉलमधले सगळे पंखे बंद पडले. दारातून मॅनेजर आले. मास्तर उठून स्टुलावर चढले, त्यांनी दादाकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन नुसतेच उभे राहिले. मला हुंदका आवरून हसायला जरा उशीर झाला. दादा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, म्हणून मीही हसलो, अर्ध्या क्षणाने.